शब्दचर्चा : गायकनट, नटगायक की गायक-अभिनेता?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी राहुल देशपांडे यांच्यावर लेख लिहिते आहे आणि पहिल्याच ओळीत अडकले आहे. नुसतं 'गायक' म्हटलं तर 'मी वसंतराव' या चित्रपटात त्यांनी उभी केलेली आजोबांची, म्हणजे वसंतराव देशपांडे यांची, भूमिका बाहेर राहते. मी 'गायकनट' लिहिलं, तर संपादन पाहणाऱ्या काकांनी त्याचं 'नटगायक' करून पाठवलं. दोन्ही शब्द माझ्या वाचनात आहेत. अर्थात फरक आहे का? आणि आजच्या कलाकाराला यातला कुठला शोभेल?

प्रतिसाद

व्याकरणाने बघितलं तर फरक आहे. जोडून लिहिलेल्या अशा समासात नंतरचं पद मुख्य. गायकनट म्हणजे गाणारा नट, नटगायक म्हणजे नट असलेला गायक. मधे संयोगचिन्ह टाकून 'गायक-नट' लिहिलंत तर 'गायक आणि नट' असा द्वंद्व होतो, मग दोन्ही पदं सारख्या तोलाची. तुमच्या काकांनी नकळत अर्थ फिरवला आहे.

प्रतिसाद

वरचं व्याकरण बरोबर आहे, पण हा शब्द संगीत नाटकाच्या मांडवाखाली वाढलेला आहे, तेव्हा तिथे जाऊन पाहायला हवं.

१८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं आणि पात्रानं स्वतःची पदं स्वतः गायची हा रिवाज पक्का झाला. त्यातून कंपन्यांमध्ये दोन जाती पडल्या, गद्य नट आणि संगीत नट. कमीजास्त दर्जाचा यात काही संबंध नव्हता. 'एकच प्याला'त बालगंधर्वांची सिंधू पदांतून रडवायची आणि गणपतराव बोडसांनी सुधाकर उभा केला तो निव्वळ गद्याच्या बळावर. लोक दोघांसाठीही येत.

'गायकनट' म्हणजे या संगीत नटातला तयारीचा माणूस, ज्याचं गाणं बैठकीतही उभं राहील असा. बालगंधर्व भास्करबुवा बखल्यांकडे शिकलेले. मास्टर दीनानाथांनी १९१८ साली बळवंत संगीत मंडळी काढली, तेव्हा ते अठराही पुरे नव्हते आणि गळा मात्र कंपनी पेलण्याइतका तयार होता. केशवराव भोसलेही त्यातलेच. १९२१ च्या जुलैत मुंबईला टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' झालं, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्या रात्रीचं वर्णन वाचताना माझं अजून भान हरपतं.

आता मुद्द्याचं. माझ्या लेखी गायकनटाची खूण एकच. त्याचं पद काढून घेतलं तर भूमिका लंगडी पडली पाहिजे. याचा सगळ्यात चांगला नमुना वसंतराव देशपांडे.

वसंतरावांची कारकीर्द या शब्दाच्या आतबाहेर चालली आहे. १९२० साली मूर्तिजापूरला जन्म, नागपुरात बालपण, शंकरराव सप्रे यांच्याकडे शिक्षण. 'कालियामर्दन' या बोलपटात कृष्णाची भूमिका केली तेव्हा वय जेमतेम पंधरा. पुढे लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी, ती सांभाळून मैफली. म्हणजे अनेक वर्षं ते लोकांच्या डोळ्यांपुढे गायक म्हणूनच होते. मग २४ डिसेंबर १९६७ ला 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आलं, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं लेखन, जितेंद्र अभिषेकींचं संगीत, आणि खाँसाहेब आफताब हुसेन झाले वसंतराव.

त्यातला एक प्रसंग जवळून पाहा. प्रतिस्पर्धी गायक पंडितजींना हरवून खाँसाहेब राजगायक झाले आहेत, मानाची हवेली त्यांच्याकडे आली आहे. आता त्यांनी काय करावं? ते गातात. 'या भवनातील गीत पुराणे', आणि पुढे जुने मवाळ, हळवे सूर इथून जाऊ द्या असं बजावतात. हे गाणं म्हणजेच त्यांचा हवेलीवरचा ताबा. तिथे गद्य भाषण घातलं असतं तर एक गर्विष्ठ माणूस दिसला असता. वसंतरावांच्या आक्रमक तानांतून गर्व तर दिसतोच, पण इतकी वर्षं डावलल्याची आगही दिसते, आणि ऐकणारा नकळत त्याच्या बाजूला झुकतो. अभिषेकीबुवांनी 'घेई छंद मकरंद' दोनदा बांधलं, पंडितजींच्या घराण्यासाठी सालगवराळी रागात संथ, खाँसाहेबांसाठी धानी रागात चपळ. शब्द तेच, माणूस वेगळा. चाल बदलली की स्वभाव बदलतो हे कळणारा नट हवा आणि ते गळ्यातून काढू शकणारा गायक हवा. दोघं एकाच देहात असतात तेव्हा मी 'गायकनट' म्हणतो, मधे चिन्ह न टाकता.

प्रतिसाद

फार सुंदर लिहिलंत. मग 'कट्यार'च्या २०१५ च्या चित्रपटाला तुमची कसोटी लावून बघू या. पडद्यावरचे खाँसाहेब सचिन पिळगावकर, त्यांचा आवाज राहुल देशपांडे. पंडितजींचा शिष्य सदाशिव म्हणजे सुबोध भावे, आवाज महेश काळे. शंकर महादेवन मात्र पंडितजी झाले आणि गायलेही स्वतःच. म्हणजे या तिघांत शब्दशः गायकनट एकटे महादेवन, जे मूळचे अभिनेते मुळीच नाहीत!

राहुल यांचं तर आणखी मजेशीर आहे. नाटक पुन्हा रंगमंचावर आलं तेव्हा खाँसाहेब तेच होते, तिथे ते गायकनट. चित्रपटात त्याच भूमिकेसाठी ते पार्श्वगायक. आणि 'मी वसंतराव'त अभिनय त्यांचा, गळा त्यांचा, तरी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पार्श्वगायनाचा. पुरस्काराचा विभागच तसा आहे हे मान्य. पण पार्श्वगायक म्हणजे पडद्यामागून दुसऱ्यासाठी गाणारा, हा मूळ अर्थ तिथे उरलेला नाही. आता 'चित्रपटासाठी ध्वनिमुद्रित केलेलं गायन' एवढाच अर्थ राहिला आहे.

प्रतिसाद

बायकांचं काय? गायकनटचं स्त्रीलिंग कोणी सांगेल का? 'गायकनटी' मी कधी ऐकलं नाही, आणि 'नटी' आता एकतर नांदीनंतर सूत्रधाराबरोबर येणारी, नाहीतर जरा हेटाळणीचा सूर असलेला शब्द. १९४२ च्या 'कुलवधू'त 'बोला अमृत बोला' गाणाऱ्या ज्योत्स्नाबाई भोळे, जयमालाबाई आणि कीर्ती शिलेदार यांना वर सांगितलेली कसोटी पुरेपूर लागू पडते, तरी त्यांच्या वाट्याला शब्द आला तो 'गायिका-अभिनेत्री', मधल्या चिन्हासकट. बालगंधर्व स्त्रीभूमिकाच करत आणि त्यांना गायकनट म्हणायचं, मग खऱ्या बाईला जोडशब्द का नाही? मला हे टोचतं. 'गायक-अभिनेत्री' असंही हल्ली छापतात, ते तर अर्धवट वाटतं.

प्रतिसाद

टोचायलाच हवं. मराठीत स्त्रिया रंगमंचावर सर्रास येईपर्यंत हा शब्द पुरुषांभोवती घट्ट झाला होता, आणि मागून आलेल्यांना तो तसाच मिळाला. तोवर 'गायिका-अभिनेत्री' चालवू, पण दोन्ही पदं स्त्रीलिंगी ठेवून.

मूळ प्रश्नाबद्दल एक सुचवतो. राहुल यांचा मुख्य पिंड मैफलीचा आहे. लेखाच्या पहिल्या ओळीत 'गायक' एवढंच लिहा. 'कट्यार' नाटकाचा परिच्छेद येईल तिथे 'गायकनट' लिहा, म्हणजे शब्द आजोबांकडून नातवाकडे आलेला वाचकाला आपोआप दिसेल. 'अमलताश'सारख्या आजच्या चित्रपटाबद्दल लिहिताना 'अभिनेता' म्हणा, तिथे 'नट' जुना वाटेल.

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिली ओळ 'गायक राहुल देशपांडे' अशी केली आहे, आणि वसंतरावांचा परिच्छेद वाढवून त्यात हवेलीचा प्रसंग घेते आहे. 'नटगायक' मी काढला, काकांना समासाचं कारण सांगितलं तेव्हा त्यांनाही पटलं. आता त्यांचा नवा प्रश्न आहे : 'नाट्यपद' लिहायचं की 'नाट्यगीत'? त्यासाठी वेगळा धागा काढते.