मदत हवी आहे : भातुकलीत गप्प बसणाऱ्या पोरांना बोलतं कसं करू?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात घरीच छोटी बालवाडी चालवते, 3 ते 5 वर्षांची 12 पोरं. "हा कुठला रंग?" विचारलं की सगळी चिडीचूप. परवा भातुकलीत मिसळीचं हॉटेल मांडलं. मी गिऱ्हाईक, मुद्दाम म्हटलं, "कट (मिसळीवरचा तिखट रस्सा) नको." एरवी तोंड न उघडणारी पोरगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मग मिसळ कशाला खातायसा?" (खरंच की!)

पण दोन-तीन धीट पोरंच खेळ बळकावतात, बाकीची बघत बसतात. त्यांना कोणती सोंगं द्यावीत? एकाच्या घरी कन्नड बोलतात; त्याला आधी न बोलता करायचं, वाघ-बिघ, द्यावं का? शब्द चुकला तर मी टोकत नाही, बरोबर शब्द माझ्या वाक्यात वापरते. तेवढं पुरतं? आणि मी खेळातून बाहेर कधी पडावं?