फाइलींना सलग नंबर दिले आणि दुसरं पान ९७ वर गेलं

ओवीवाली
आजीची जात्यावरच्या ओव्यांची हाताने लिहिलेली वही आहे, १८४ पानं. सुट्टीत सगळी स्कॅन केली. ॲपने नावं दिली पान१.जेपीजी ते पान१८४.जेपीजी (अंक इंग्रजी). मला ००१, ००२ अशी नावं हवी होती. बॅशमध्ये (कमांड टाइप करून कामं करवून घ्यायचं साधन) फॉर लूप, म्हणजे प्रत्येक फाइलीवर तेच काम करणारी कमांड, लिहिला: तारा (* ही खूण, म्हणजे कोणतंही नाव) लावून सगळ्या फाइली घ्यायच्या, मोजणी एकेकाने वाढवायची, प्रिंटएफने तीन आकडी नंबर करायचा, एमव्हीने नाव बदलायचं. एकही एरर आली नाही. पण दुसऱ्या पानावर हळदीचा मोठा डाग आहे, आणि ते पान आता ०९७ वर आहे! वहीत पानांना आकडे नाहीत. कितीतरी ओव्या एका पानावर सुरू होऊन पुढच्या पानावर संपतात, क्रम गेला तर त्या तुटतात. वही मामाकडे परत गेली आणि जुन्या नावांची प्रत मी ठेवलेली नाही. काही करता येईल का?

डोंगरवाट
एमव्हीने नाव बदललं तरी फाइलीची मॉडिफाइड वेळ तीच राहते. फाइलींची यादी दाखवणाऱ्या एलएसला टी आणि आर लावून बघा, सगळ्यात जुनी आधी दिसेल.

ओवीवाली
बघितलं. पेनड्राइव्हवरून कॉपी केल्या होत्या, त्यामुळे सगळ्यांवर कॉपी केल्याचीच वेळ आहे.

कृष्णाकाठ
ताई, घाबरू नका, क्रम परत मिळेल. शेल (इथे बॅश) तारेची यादी शब्दकोशासारखी लावतं, अंकांची किंमत बघत नाही. १ ने सुरू होणारी नावं किती? १, मग १० ते १९ ही दहा, मग १०० ते १८४ ही पंच्याऐंशी. झाली ९६. म्हणून दुसरं पान ९७ वं. तुमच्या हळदीच्या डागाने हिशेब पक्का केला.

आता त्याच मशीनवर एक रिकामं फोल्डर करा. त्यात टच कमांडने पान१ ते पान१८४ याच जुन्या नावांच्या रिकाम्या फाइली बनवा. महिरपी कंसात १, दोन टिंबं, १८४ लिहिलं की एका ओळीत होतं. तोच लूप तिथे चालवा, फक्त एमव्हीच्या आधी इको घाला, म्हणजे नावं न बदलता कमांड नुसत्या छापल्या जातील. कोणतं जुनं नाव कोणत्या नंबरवर गेलं त्याची यादी छापून येईल. ती उलटी वापरून खऱ्या फाइली नव्या फोल्डरात सीपीने (कॉपी करून) न्या. आहे त्या फोल्डरला हात लावू नका.

एक जपा: ००८ सारख्या नंबरावर बॅशमध्ये गणित करू नका. पुढे शून्य दिसलं की ते आकडा अष्टमान (दहाऐवजी आठाच्या पायावर मोजलेला) धरतं. ००८ ला निदान एरर येते, ०१० चे मात्र गुपचूप ८ होतात. करायचंच तर आकड्याआधी १० आणि हॅश लावा.

पुढच्या वेळी यादी सॉर्टमधून मोठा व्ही लावून काढा (मग अंक किमतीप्रमाणे लागतात), आधी इकोने नुसती वाचा आणि एमव्हीला एन लावा, म्हणजे असलेल्या फाइलीवर दुसरी चढणार नाही. देवनागरी अंक असतील तर मोठा व्हीही कामाचा नाही, त्याला इंग्रजी अंकच कळतात.

ओवीवाली
दादा, झालं! यादीत पान२ समोर ०९७ च आलं. सगळी पानं नव्या फोल्डरात नेली आणि एकेक उघडून वाचत गेले. ४१ वर अर्धी राहिलेली ओवी ४२ च्या पहिल्या ओळीत पूर्ण होते. आता आधी दोन प्रती करतेय, मग मामाला पाठवते.