प्लग ओढला आणि बॉक्सच हातात आला: प्लास्टिकचा ठेवू की पत्र्याचा?

ओट्याजवळची, कोथरूड

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण त्यावरून घरात दोन तट पडलेत म्हणून इथे विचारते.

आमची इमारत १९९३ ची. यंदा मे महिन्यात स्वयंपाकघराचं काम काढलं. जुन्या टाइल्स न फोडता त्यांच्यावरच नव्या लावल्या, घरातलं वायरिंग सगळं नवं ओढलं आणि स्विच-सॉकेटच्या मागे भिंतीत पुरलेले पत्र्याचे जुने बॉक्स काढून ठेकेदाराने पांढरे प्लास्टिकचे बसवले. "गंजत नाही मॅडम, आता सगळीकडे हेच" असं तो म्हणाला. मला पटलंही, कारण सिंकच्या बाजूचा जुना बॉक्स निघाला तेव्हा बोट लावताच त्याच्या तळाचे पापुद्रे गळत होते.

गेल्या रविवारी डोशाचं पीठ वाटून झालं आणि मिक्सरचा प्लग ओढला. तो पहिल्यापासूनच जरा हट्टी आहे. प्लग, सॉकेट, प्लेट आणि मागचा चार मॉड्यूलचा बॉक्स असं सगळं बिऱ्हाड माझ्या हातात आलं. भिंतीत चौकोनी भोक, त्यातून ताणलेल्या तीन वायरी, आणि माझे हात पिठाचे. आधी मेन पाडला, मग देवाचं नाव घेतलं.

सासरे खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेले. त्यांचा निकाल लगेच आला: "प्लास्टिक ते प्लास्टिकच. सगळे काढा, पत्र्याचे लावा." नवरा म्हणतो तेवढा एक बसवून घेऊ. घरात असे चौदा बॉक्स आहेत. ठेकेदार फोन उचलतो, "उद्या माणूस पाठवतो" म्हणतो, पण तो उद्या काही उजाडत नाही. चौदाच्या चौदा बदलायचे का?

अप्पा, बिबवेवाडी

सासऱ्यांचं ऐका. आमच्याकडचे पत्र्याचे बॉक्स तीस वर्षं झाली, ढिम्म हलत नाहीत. प्लास्टिकच्या बॉक्सचे कान, म्हणजे प्लेटचा स्क्रू जिथे शिरतो ती जागा, तिथले आटे दोनदा स्क्रू उघडला की संपतात, मग प्लेट कायमची डुगडुगते. स्वस्तातली कामं, दुसरं काय.

जुना वायरमन, धनकवडी

ताई, बदलायचं की नाही ते नंतर ठरवू. आधी तो निघालेला बॉक्स उलटा करून बघा आणि दोन गोष्टी कळवा. पाठीला काय चिकटलंय, सिमेंटचा माल की पांढरं पीओपी? आणि भोकात मागच्या बाजूला पोकळ लागतं का? फोटो नको, फोटोत सगळंच बरं दिसतं. मेन पाडूनच हात घाला, आणि टेस्टरने बघितल्याशिवाय वायरीला शिवू नका.

ओट्याजवळची, कोथरूड

बघितलं काका. पाठ कोरी करकरीत आहे, वरचं किमतीचं स्टिकरसुद्धा शाबूत. पांढरे दोन गोळे आहेत, एक वर, एक खाली, लिंबाएवढे. त्यांच्या बाहेरच्या अंगाला विटेची तांबडी भुकटी लागलीय, पोळीला पिठी लागते तशी. आणि बॉक्स जागेवर धरून बाजूच्या फटीतून बघितलं तर मागे बोटाचं एक पेर मावेल एवढी मोकळी जागा आहे.

जुना वायरमन, धनकवडी

मग प्लास्टिकवर खटला भरू नका. पत्र्याचा बॉक्स असा बसवला असता तर तोही असाच निघाला असता, वर जाताजाता बोट कापून गेला असता.

झालं काय ते सांगतो. जुनी टाइल, तिच्यावर टाइल चिकटवायचं केमिकल, त्यावर नवी टाइल, म्हणजे तुमची भिंत अर्धा इंच पुढे आली. भोक मात्र जुन्या बॉक्ससाठी केलेलं, आणि तो गंजका बॉक्स उपटताना मागची वीट थोडी आणखी फुटली असणार. नवा बॉक्स टाइलच्या तोंडाला आणायचा तर पुढे ओढावा लागतो, आणि मागे पोकळी उरते. ती मालाने भरायची तर हात माखतात, वर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागतं. पीओपी दहा-पंधरा मिनिटांत धरतं. माणसाने वर एक लिंबू, खाली एक लिंबू दाबलं, लेव्हल बघितली, प्लेट मारली आणि पुढच्या पॉइंटला गेला. वीट झाडली नाही, भिजवली नाही. कोरडी वीट गोळ्यातलं पाणी पिऊन टाकते आणि गोळा भिंतीला न धरता धुळीला धरून बसतो. त्यातून तुम्ही प्लग खोचता तेव्हा बॉक्स मागच्या पोकळीत ढकलला जातो, काढता तेव्हा पुढे ओढला जातो. रोज दोनदा. एवढे दिवस टिकला तेच नवल.

ओलीच्या भिंतीत पीओपी तसंही नको. दमटपणात ते मऊ पडतं आणि पत्रा असेल तर त्याला गंज चढवतं.

आता बसवायचं कसं ते. त्या लाइनचा एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला छोटा स्विच, पाडलेला, वायरींची टोकं टेप लावून पाइपात मागे सारलेली, आणि पाइपच्या तोंडात कागदाचा बोळा. भोकातली धूळ ब्रशने झाडा, पाणी मारा, आणि भिंतीने ते पिऊन वरची चकाकी जाईपर्यंत थांबा. एकास तीन माल घ्या, म्हणजे एक सिमेंट, तीन वाळू; घट्टसर, वाळू चाळलेली. आधी मागे माल भरायचा आणि मग बॉक्स त्यात दाबत न्यायचा, इतका की चारी बाजूंनी माल बाहेर आला पाहिजे. एखाद्या बाजूने आला नाही तर तिथे पोकळ आहे. बॉक्स काढा, अजून भरा. इथे आळस केला तर बाकी सगळं व्यर्थ.

दाबण्याआधी बॉक्सच्या आत थर्मोकोलचा तुकडा ठासून बसवा. प्लास्टिकचा बॉक्स मालाच्या दाबाने कमरेत आत येतो आणि मग सॉकेटची फ्रेम बसत नाही. ही मात्र प्लास्टिकची खरी खोड, पत्र्याला ती नाही. तोंड टाइलच्या बरोबरीने किंवा केसभर आत. बाहेर कधीच नको, नाहीतर प्लेट भिंतीपासून उचललेली राहते आणि झुरळांना दार मिळतं. टाइलच्या कपच्या पाचर म्हणून कोपऱ्यांत मारा, लेव्हल परत बघा. चोवीस तास हात लावायचा नाही, मधे दोनदा माल ओला करायचा.

भिंतीत ड्रिलने भोकं पाडून गिट्ट्या (स्क्रू धरणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्या) ठोकल्या आणि बॉक्सच्या पाठीतून त्यांत दोन स्क्रू मारले तर आणखी भक्कम होतं. पण तुमच्या त्या भिंतीपलीकडे काय आहे? बाथरूम असेल तर ड्रिल लावू नका. साडेचार इंची भिंत, त्यातले दोन इंच बॉक्सने खाल्ले, आणि पलीकडून पाण्याचा पाइप आलेला असला तर ड्रिलचं टोक थेट त्यात. मी वानवडीला एकांच्या गिझरची लाइन अशीच फोडलीय. त्या बाईंनी रागावायच्या ऐवजी चहा पाजला, म्हणून अजून लाज वाटते.

नवा बॉक्स घेताना लांब बाजू दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघा. मिठाईच्या खोक्यासारखी आत गेली तर परत ठेवा. कानात पितळेचा आटा बसवलेला हवा. अप्पा म्हणतात ते जाणारे आटे म्हणजे नुसत्या प्लास्टिकमध्ये पाडलेले. बाहेरून कंगोरे असलेला घ्या, गुळगुळीत अंगाला माल धरत नाही. अंगावर आयएसआयची खूण आणि आयएस १४७७२ हा आकडा शोधा. प्लेट ज्या कंपनीची त्याच कंपनीचा बॉक्स घेतला तर भोकं जुळवायची कटकट राहत नाही. गिझर आणि एसीच्या सोळा अँपिअरच्या पॉइंटला मी पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचा लावतो. साधं पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं, आणि सॉकेटमधला स्क्रू ढिला राहिला असेल तर तेवढं तापायला तीन किलोवॅटच्या गिझरचे तेरा अँपिअर पुरतात.

अप्पा, तुम्हाला एकच विचारतो. तुमच्या पत्र्याच्या बॉक्सना आतून अर्थची हिरवी वायर लावलीय का? आत फेज, म्हणजे करंटची वायर, सुटून पत्र्याला टेकला आणि अर्थ नसेल, तर प्लेटच्या स्क्रूलासुद्धा शॉक बसतो. प्लास्टिकच्या बॉक्सला ती भानगड नाही. सॉकेटच्या जाड पिनेचा अर्थ मात्र दोन्हीकडे लागतोच.

अप्पा, बिबवेवाडी

उघडून बघितलं. सातांपैकी तिघांना लावलेली नाही. वायरमनला फोन केलाय.

साइटवरचा, वाकड

काका, नव्या बिल्डिंगवाल्यांसाठी एक भर. आमच्याकडे वीट कुठली, सगळे एएसी ब्लॉक, म्हणजे सिमेंटचे हलके, सच्छिद्र ठोकळे. त्यात थेट छिन्नी-हातोडा चालवला की कड ढासळते आणि भोक बॉक्सच्या दीडपट होतं. खडूने आखून चारी कडा ग्रायंडरने कापायच्या, मग मधला भाग हलक्या हाताने काढायचा. चार इंची पार्टिशनमध्ये दोन खोल्यांचे बॉक्स पाठीला पाठ लावून बसवायचे नाहीत, बाजूला सरकवायचे. आमच्या एका फ्लॅटमध्ये हॉलमधला प्लग ओढला की बेडरूममधली प्लेट हलायची. मधे ब्लॉक उरलाच नव्हता. आणि भिंतीला जिप्समचं प्लास्टर होणार असेल तर बॉक्स आधीच मालात पक्का करून तोंडाला टेप लावून ठेवा. जिप्समवाल्यांची फळी एकदा फिरली की बॉक्स कुठे होता ते भिंतीवर टकटक करून शोधावं लागतं.

ओट्याजवळची, कोथरूड

शनिवारी तपकीर गल्लीत जाऊन आले. पहिल्याच दुकानात अंगठ्याची परीक्षा सुरू केली तर दुकानदार म्हणाला, "बॉक्स घेताय की आंबे?" तीन दाबले ते आत गेले. चौथा त्याने स्वतःच आतून आणून दिला, पितळी आट्यांचा, आणि म्हणाला हा आधीच मागायचा ना. काही रुपयांचा फरक होता.

ठेकेदाराची वाट बघणं सोडलं आणि शेजारच्यांच्या ओळखीचा परवानावाला वायरमन बोलावला. काकांचं उत्तर त्याला ओट्याशी उभं राहून वाचून दाखवलं. आधी वैतागला, मग थर्मोकोल आहे का म्हणून त्यानेच विचारलं. पलीकडे बाथरूमच निघालं, त्यामुळे पाठीतून स्क्रू नाहीत, नुसता माल. काल संध्याकाळी प्लेट लागली. हट्टी प्लग तीनदा ओढून बघितला, बॉक्स जागचा हलला नाही.

बाकीच्या तेरा प्लेटाही उघडून घेतल्या. खोल्यांतले नऊ मालात आहेत, पक्के. स्वयंपाकघरात उरलेल्या चारांपैकी दोन तसेच लिंबांवर बसवलेले. आणि दोन पुढे आणलेच नव्हते; टाइलच्या मागे अर्धा इंच खोल, प्लेट लांब स्क्रूवर धरलेली. त्यातल्या एकावर नुसते स्विच आहेत, दुसऱ्यावर मायक्रोवेव्ह आणि कधीकधी टोस्टर. या दोघांचं काय करू?

जुना वायरमन, धनकवडी

स्विचला कोणी ओढत नाही. तिथे स्क्रू कानातल्या आट्यात पुरता शिरलाय एवढं बघा, आणि बॉक्सचं तोंड ते टाइल यातली फट चारी बाजूंनी मालाने भरून घ्या. मायक्रोवेव्हचा मात्र काढून नव्याने बसवा. स्क्रू दोन-तीन आट्यांवर धरलेला असेल तर प्लग ओढताना कान तुटतो, आणि कान तुटला की तो बॉक्स गेला. लिंबांवरचे दोन तर काढाच.

ओट्याजवळची, कोथरूड

लिंबांवरचे दोन आज निघाले. एक जरा हलवल्यावर, दुसरा नुसता प्लेटचा स्क्रू सोडवतानाच. सासऱ्यांनी दोन्ही पाठी बघितल्या आणि पत्र्याचा विषय काढला नाही.

आणि हो, दुपारी ठेकेदाराचा माणूस आला. पीओपीची पिशवी घेऊन.