मदत हवी आहे: कढीपत्त्याच्या कुंडीत उगवलंय ते रसभरीच का?

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला चौथ्या मजल्यावर राहते. कढीपत्त्याच्या कुंडीत पावसात एक रोप आपोआप उगवलंय. मी काही पेरलं नव्हतं, बुलबुलांचीच कृपा असावी. आता गुडघ्याएवढं झालंय. फूल फिकट पिवळं, खाली मान घातलेलं. फळावर कागदी कंदिलासारखं हिरवं टरफल, आत वाटाण्याएवढी गोळी. सासूबाई म्हणतात, "ही चिरबोटी, लहानपणी शेतात खायचो." पण रसभरीची पानं मखमली लवदार असतात ना? याची तर गुळगुळीत आहेत. कच्ची फळं विषारी असतात एवढं माहीत आहे, आणि लेक रोज एक टरफल फोडून बघतेय! नक्की कसं ओळखायचं? ठेवू की उपटू? कढीपत्ता बिचारा आधीच रुसलाय.