माईच्या डोळ्यासाठी आलेला फॉरवर्ड

सुनीलकाका: (फॉरवर्ड) "स्टेम सेलने गेलेली दृष्टी परत! पोटाच्या चरबीतल्या पेशी, दोन्ही डोळे एकाच दिवशी, टाका नाही. आजच नाव नोंदवा."

सुनीलकाका: माईसाठी बघा रे. दर महिन्याला डोळ्यात सुई घेण्यापेक्षा एकदाच काय ते होऊन जाईल.

वंदनाआत्या: पैसे किती?

सुनीलकाका: फोन केल्यावर सांगणार. जपानमध्ये झालंय म्हणे, एका बाईंनी केलं.

केतकी: काका, त्या नंबरवर फोन करू नका प्लीज. बसमध्ये आहे, लिहिते.

केतकी: जपानचं खरं आहे. मासायो ताकाहाशी. मूळच्या डोळ्यांच्या डॉक्टर, क्योतोच्या. नवरा मेंदूचा सर्जन. 1995 मध्ये दोघं अमेरिकेत साल्क इन्स्टिट्यूटला गेले. तिथे मेंदूच्या स्टेम सेलवर, म्हणजे ज्यांतून दुसऱ्या पेशी तयार होतात अशा मूळ पेशींवर, काम चालू होतं. डोळ्याचा पडदा म्हणजे मुळात मेंदूचाच फुटवा, तेव्हा हे डोळ्यात वापरता येईल हे बाईंनी तिथे हेरलं. मग परत येऊन त्याच्याच मागे लागल्या.

प्रसाद: आणि ऑपरेशन कधी?

केतकी: 12 सप्टेंबर 2014, कोबे. म्हणजे 19 वर्षांनी 🙂

केतकी: पेशंट सत्तरी उलटलेल्या बाई, आजार माईचाच, वयामुळे पडदा बिघडण्याचा. पडद्याच्या मागे रंगद्रव्याच्या पेशींचा एक थर असतो, आरपीई. षटकोनी पेशी, फरशी बसवल्यासारख्या. उजेड टिपणाऱ्या पेशींना तोच पोसतो, त्यांचा कचराही तोच उचलतो. तो बिघडला की खालून नको त्या रक्तवाहिन्या वर घुसतात, पाणी झिरपतं आणि सरळ रेघ वाकडी दिसायला लागते.

वंदनाआत्या: परवा माझ्याकडे सोफ्यावर बसून म्हणाली, वंदे, तुझ्या गवंड्याने दार तिरकं बसवलंय. मी गवंड्याला फोन करणार होते 😄

केतकी: 😄 तेच ते. तर त्या बाईंच्या हाताची थोडी त्वचा घेतली आणि यामानाका या जपानी शास्त्रज्ञांच्या पद्धतीने तिच्या पेशी पार मूळ अवस्थेत नेल्या (त्यांना 2012 चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी). त्यातून आरपीई वाढवला. 1.3 बाय 3 मिलिमीटरचा तुकडा, तांदळाच्या कणीएवढा. सगळं मिळून दहा महिने. आणि बसवला एकाच डोळ्यात.

सुनीलकाका: मग दिसायला लागलं ना?

केतकी: नाही.

केतकी: म्हणजे नजर सुधारली नाही. वर्षानंतर होती तिथेच होती. पण वर्षभरात एकही इंजेक्शन लागलं नाही आणि गाठ वगैरे काही झालं नाही. ताकाहाशींनी छापलं तेही एवढंच.

प्रसाद: खर्च?

केतकी: एका पेशंटला साधारण दहा कोटी येन.

प्रसाद: 😶

केतकी: पुढचं ऐका. दुसऱ्या पेशंटच्या पेशी तयार होत्या. तपासणीत त्यांत असे जनुकीय बदल सापडले, जे त्याच्या मूळ त्वचेत दिसले नव्हते. ताकाहाशींनी ऑपरेशन थांबवलं. सगळं जग बघत असताना. मला त्यांचं पहिल्या ऑपरेशनपेक्षा हे जास्त आवडतं. नंतर 2017 मध्ये दुसऱ्यांनी दान केलेल्या पेशी वापरून पाच जणांवर प्रयोग झाला. त्यात वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात.

सुनीलकाका: मग आपल्याकडे आता आलं असेल तेच.

केतकी: काका, तुमच्या मेसेजात पोटाची चरबी आहे. त्याचा आणि याचा काही संबंध नाही. ते फ्लोरिडात झालंय. 72 ते 88 वयाच्या तिघीजणी, प्रत्येकीने 5000 डॉलर भरले, चरबीतल्या पेशी दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी. तिघींची नजर गेली, एकीला तर उजेडसुद्धा कळेना. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या मार्च 2017 च्या अंकात हा लेख आणि ताकाहाशींचा लेख पाठोपाठच्या पानांवर आहेत.

सुनीलकाका: (हा मेसेज डिलीट केला आहे)

वंदनाआत्या: सुन्या, तो माझ्या योगा ग्रुपवरही तूच टाकलायस.

सुनीलकाका: काढतो.

वंदनाआत्या: मग केतकी, गुरुवारचं इंजेक्शन आहेच ना?

केतकी: हो आत्या, चुकवायचं नाही. आणि फ्रिजवर चिकटवलेला चौकडीचा कागद रोज बघायचा, रेघा वाकड्या दिसतात का ते. एकेक डोळा झाकून, चष्मा लावून.

वंदनाआत्या: माई शेजारीच बसलीये. विचारतेय, त्या जपानी बाईंना हाताची कातडी काढताना दुखलं का. आणि म्हणतेय, गुरुवारी सुनीलने गाडी सावलीत लावावी, मागच्या वेळी पट्टी बांधून उन्हातून चालवलंन तिला.