सफारी हे नाव परत करा

वरंध्याचा_वाटसरू (धागालेखक)

परवा ‘कोणती गाडी घेऊ’ या धाग्यावर टाटांच्या सफारीबद्दल एका सदस्याने लिहिलं, “जुनी सफारी म्हणजे चाकं लावलेलं लोखंडी कपाट. खरी सफारी २०२१ला जन्मली, आधीच्यांनी आता रडणं थांबवावं.” तिथेच दोन ओळी लिहून सोडून देणार होतो, पण दोन दिवस डोक्यातून जाईना. सौ. म्हणाली, निदान जेवताना तरी पुटपुटू नका. म्हणून हा वेगळा धागा.

१९९८ला सफारी आली तेव्हा आमच्या तोंडी कंपनीचं (आताच्या टाटा मोटर्सचं) नाव टेल्कोच होतं. सुमो होती, पण सुमो म्हणजे वऱ्हाडाची नाहीतर वडापची. सफारी दारात उभी राहिली की शेजारी विचारायचे, कोण साहेब आलेत? दोन लिटरचं टर्बो डिझेल, जेमतेम नव्वद घोडे. भरल्या गाडीने घाट चढताना तिला घाम फुटायचा, हे कबूल. मग २००५ला तीन लिटरचं डायकॉर इंजिन आलं. २००७ला २.२ आणि १४० घोडे. २०१२ला सफारी स्टॉर्म ही नवी आवृत्ती, आणि तिच्या शेवटच्या वर्षांत ४०० न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर. दर वेळी काही ना काही सुधारलं, पण सांगाडा तोच: खाली चासी म्हणजे लोखंडी चौकट, वर बॉडी, ताकद मागच्या चाकांना आणि हवं तर फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना. स्टॉर्ममध्ये मागच्या दारावरची स्टेपनी पोटाखाली गेली तेव्हाही मी आठवडाभर कुरकुरलो होतो, पण गाडी घेतली. बापाचं नाक पोराला आलं की पिढी बदलली म्हणतात.

२०२१ला काय झालं? टाटांचीच हॅरिअर घेतली, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) तोच ठेवला, २७४१ मि.मी.; मागचा भाग फुगवून तिसरी रांग कोंबली. २०२०च्या ऑटो एक्स्पोत हिचं नाव ग्रॅव्हिटास होतं हो! बारशाला महिना उरला आणि पाळण्यावरची पाटी बदलली. पुढची चाकं ओढणार, फोर बाय फोर कितीही पैसे मोजले तरी नाही. वर ऐकवतात, लँड रोव्हरच्या डी८ सांगाड्याचा वारसा. अहो, त्याच डी८वरच्या डिस्कव्हरी स्पोर्टला चारही चाकांची ताकद मिळायची. आपल्याकडे नुसतं आडनाव आलं.

२००५च्या महाडच्या पुरानंतर बाबांनी याच ‘कपाटातून’ तांदळाची पोती पोचवली होती. रस्ता कुठे आणि शेत कुठे ते कळत नव्हतं. तेव्हा नाव परत करा.

किल्ली_खिशात

ते कपाटाचं वाक्य माझंच. मागे घेत नाही.

डिसेंबर २०२३मध्ये भारत एनकॅपचे, म्हणजे गाड्यांच्या धडक-चाचणीचे, पहिलेवहिले निकाल लागले, त्यात हॅरिअर आणि सफारी दोघींना पाच तारे. तुमच्या बाबांच्या गाडीत एअरबॅग किती होत्या? लिहा इथे आकडा. १७० घोडे, सहा गिअर, मुंबईहून कोल्हापूरला पोचलो की थेट ऑफिसात जाऊन बसतो. जुन्या सफारीतून उतरलं की आधी पाठ शोधावी लागायची. वळणावर होडीसारखी झुलायची ती वेगळीच.

आणि फोर बाय फोर, फोर बाय फोर काय लावलंय? लो रेशो, तो चिखल-चढासाठीचा हळू पण जोरकस गिअर, शेवटचा कधी टाकलात? आमच्या सोसायटीत एक जुनी ४x४ होती. दहा वर्षांत काकांनी ते बटण एकदाच दाबलं, पाहुण्यांना दाखवायला.

वरंध्याचा_वाटसरू

एकही नव्हती. मिळाला आकडा? आणि तरी चौघे भाऊबहीण धडधाकट आहोत.

लो रेशो गेल्या जुलैत टाकला होता. मॉलच्या तळघरात गाडी लावणाऱ्या वाघांना त्याची गरज पडत नाही, हे मान्य.

किल्ली_खिशात

मॉलचे वाघ बरे. चिखलात रुतून मग ट्रॅक्टरवाल्याच्या हातापाया पडणारे सिंह आम्ही बरेच पाहिलेत. “आम्ही धडधाकट आहोत” हा काय पुरावा झाला? जे राहिले नाहीत ते इथे प्रतिसाद द्यायला येत नसतात.

पासिंग_बाकी

माझी २००८ची २.२ डायकॉर. पंधरा वर्षं झाली म्हणून पुन्हा नोंदणी, पर्यावरण कर, आता त्या नव्या नंबरप्लेटसाठी हेलपाटे. तारीख मिळाली तर प्लेट आलेली नसते, प्लेट आली की माणूस जेवायला गेलेला असतो. दोन टनांची गाडी आणि तीन टनांचे कागद. यावर कोणी का बोलत नाही?

किल्ली_खिशात

कारण धागा त्यावर नाही.

पिंपरीचा_पाना

दोघंही थोडं थांबा. आयुष्य याच धंद्यात गेलं, आता घरी बसून तुमची भांडणं वाचतो.

वाटसरू, स्टॉर्म कोणाच्या लहरीने गेली नाही. २०१९च्या ऑक्टोबरपासून जुन्या मॉडेलांनाही धडकेच्या चाचण्या लागू झाल्या, एप्रिल २०२०ला बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले. एवढ्या जुन्या सांगाड्यावर इतका खर्च करून ती महिन्याला किती खपली असती? माझं मत विचाराल तर हिशेब बसतच नव्हता. लष्कराने २०१७मध्ये जिप्सीच्या जागी ३,१९२ स्टॉर्म मागवल्या होत्या, पण लष्कराच्या एका ऑर्डरीवर घरगुती गाडी जगत नाही.

किल्लीसाहेब, तुम्हीही जरा दमानं. ज्या इंजिनाचे घोडे मोजताय ते फियाटच्या घराण्यातलं, रांजणगावला बनतं आणि पिंपरीत गाडीत बसतं. वाईट आहे का? मुळीच नाही. पण २०२१च्या गाडीचं स्टिअरिंग हायड्रॉलिक होतं, पार्किंगमध्ये मनगट दुखायचं. इलेक्ट्रिक स्टिअरिंग २०२३च्या बदलात आलं. म्हणजे ‘खरी सफारी २०२१ला जन्मली’ म्हणता, तीसुद्धा दोन वर्षं रांगतच होती.

नाव मी ठेवणार असतो तर ग्रॅव्हिटासच ठेवलं असतं. खपलं नसतं, पण हा धागाही निघाला नसता.

जर्सीकर

इकडे अमेरिकेत हे रडगाणं जुनं झालं. फोर्ड एक्सप्लोररची चासी २०११च्या मॉडेलला गेली, गाडी पुढच्या चाकांवर आली, लोकांनी असाच शंख केला. २०२०च्या मॉडेलला परत मागच्या चाकांकडे वळवली, मोनोकॉक (चासीविना एकसंध बॉडी) मात्र राहिलं. निसान पाथफाइंडर तर चासीवरून मोनोकॉक, पुन्हा चासी, पुन्हा मोनोकॉक अशी फुगडी घालतेय. नाव कोणी परत केलं नाही. शाळेबाहेरच्या रांगेत आयांना चासी दिसत नाही.

वरंध्याचा_वाटसरू

काका, तुमच्याकडे शाळेबाहेर खड्डे नसतात. आणि महिंद्राकडे बघा की. स्कॉर्पिओ-एन २०२२ला आली ती चासीवरच, फोर बाय फोरसकट. जुनीला काढलं नाही, ‘क्लासिक’ म्हणून शेजारी उभी ठेवली. आजोबा आणि नातू एकाच दुकानात. म्हणजे करायचं म्हटलं तर करता येतं.

तिसरी_रांग

इतके प्रतिसाद वाचले. सगळे पुढच्या सीटवरून लिहिलेले.

माझं लग्न २००३ला झालं, सासरी सफारी. पुढे यजमान आणि सासरे. मधे सासूबाई, आत्याबाई, नणंद. आणि मागे डिकीत त्या दोन आडव्या सीट, समोरासमोर. तिथे मी, पुतण्या, फराळाचे डबे आणि येताना आंब्याच्या पेट्या. त्या काळी बऱ्याच गाड्यांना मागे तसंच असायचं, गाडीला दोष देत नाही. पण आंबोलीत गाडी वळते तेव्हा तुम्ही सगळे पुढे जाता आणि आम्ही आडवे जातो, हे चासीच्या चर्चेत कोणी लिहिलंय का? खिडकी पाठीशी. हातात पिशवी आणि लिंबू. पुढून सासरे सांगणार, बघा काय धबधबा आहे! नऊ वर्षं मी कोकणात जात होते आणि नऊ वर्षं पुतण्याचे गुडघे बघत होते.

स्टॉर्ममध्येही मागे त्याच आडव्या सीट होत्या. म्हणजे चौदा वर्षांत इंजिन दोनदा बदललं, पण मागे बसणारीचा विचार करायला कोणाला सवड झाली नाही. नव्या सफारीत तिसरी रांग पुढे तोंड करून आहे, पट्टा आहे, एसीची हवा येते. तुम्हाला नाव परत हवंय ना? घेऊन जा. मला ती रांग पुरे.

किल्ली_खिशात

ताई, साष्टांग दंडवत. धागा इथेच संपायला हरकत नाही.

वरंध्याचा_वाटसरू

ताई, तुमच्या त्रासाबद्दल आदर आहे. पण धागा गाडीच्या सांगाड्याचा आहे, घराच्या नाही. मागे कोण बसतं हे टेल्को ठरवत नव्हती.

तिसरी_रांग

बरोबर. तुम्ही ठरवत होता.

आत्याबाई_७१

मी सासू आहे (यांची नव्हे!). उगाच सासवांना बोल लावू नका. माझे दोन्ही गुडघे गेलेत. स्टॉर्मच्या मधल्या सीटवर चढायला मुलगा गाडीत पाट ठेवायचा, मी पाटावरून आत. त्या डिकीत मी कशी शिरणार? सुनेने मागे बसायचं असा आमच्याकडे कायदा नव्हता, गुडघ्यांचा हिशेब होता.

तिसरी_रांग

आत्या, तुमचे गुडघे मान्य. पण यजमानांचे गुडघे ठणठणीत होते. ते नऊ वर्षांत एकदाही मागे का नाही बसले?

आत्याबाई_७१

तो गाडी चालवत असेल.

तिसरी_रांग

माझं लायसन २००१चं आहे. त्यांचं २००२चं.

पासिंग_बाकी

आमच्याकडे मागे कायम धाकटा भाऊ. आता तो कॅनडात आहे, तर मागे कोणी बसायलाच तयार नाही. सात सीटची गाडी, माणसं सहा, तरी निघताना अर्धा तास भांडण.

हळदीची_पिशवी

आमच्याकडे नणंद. तिला उलटी होत नाही असं सासूबाईंनीच ठरवून टाकलं होतं. तिला व्हायची, ती सांगत नव्हती. लग्नानंतर दहा वर्षांनी माझ्याकडे बोलली.

जर्सीकर

आमच्याकडे मिनीव्हॅन आहे. आईवडील भारतातून आले की मीच मागे.

तिसरी_रांग

काका, तुम्हाला सगळं माफ. एक्सप्लोररसुद्धा.

वरंध्याचा_वाटसरू

चाळीस प्रतिसाद सासू-सुनांवर! संपादक, हा भाग वेगळा काढता येईल का? मी विचारलं होतं ते एवढंच की चासी काढल्यावर सफारी हे नाव ठेवावं का.

संपादक

भाग वेगळा काढणार नाही, तोच वाचनीय आहे. वाघ-सिंहांचे मात्र दोन प्रतिसाद उडवलेत. एकमेकांच्या वडिलांवर जाऊ नये.

पिंपरीचा_पाना

वाटसरू, एक विचारतो, रागावू नका. तुमची स्टॉर्म फोर बाय फोर आहे का?

वरंध्याचा_वाटसरू

बाबांची होती. माझी फोर बाय टू आहे. तेव्हा बजेट तेवढंच होतं.

किल्ली_खिशात

थांबा, हसून घेतो. म्हणजे गेल्या जुलैतला तो लो रेशो?

वरंध्याचा_वाटसरू

भावाच्या गाडीत. आता तो बाबांची चालवतो. तुम्हीच विचारलंत शेवटचा कधी टाकला, गाडी कोणाची ते विचारलं नाहीत.

किल्ली_खिशात

बरं, पडलेल्याला लाथ मारत नाही. माझंही एक लिहून ठेवा. २०२५ला हॅरिअर ईव्हीला दोन मोटरी आणि चारही चाकांना ताकद दिली. धाकटीला दिलं आणि जिचं नाव सफारी तिच्या डिझेलला नाही, याला माझ्याकडे उत्तर नाही. झालं समाधान? कपाट मात्र कपाटच.

वरंध्याचा_वाटसरू

उशिरा लिहितोय. सौ.ने हा धागा पूर्ण वाचला. रविवारी मेव्हण्याची नवी सफारी घेऊन आम्ही महाबळेश्वरला गेलो. चालवायला सौ., शेजारी मेव्हणा, मधे आई आणि मावशी. मागे मी.

तिसऱ्या रांगेत शिरताना कंबर लचकली. बसल्यावर गुडघे छातीशी. पट्टा आहे, हवा येते. खिडकी लहान आहे, पण बाहेरचं दिसतं. सौ. पसरणी घाट बरा चालवते, हे मला वीस वर्षांत माहीत नव्हतं. ही तिसरी रांग आमच्या आडव्या सीटपेक्षा बरी, एवढं मान्य करतो. नावाबद्दल मत तेच.

तिसरी_रांग

उलटी?

वरंध्याचा_वाटसरू

नाही. पाचगणीच्या अलीकडे थोडी मळमळ. परतीलाही मागेच बसायचंय, असं आत्ताच कळलं.

तिसरी_रांग

पिशव्या दोन ठेवा. एक फाटते.