दुसरीच्या वर्गात ‘स्किन कलर’चा खडू: रंगावर बोलायचं की आडनावावर?

पाटीपेन्सिल: दुसरीच्या पोराला माणूस रंगवायला सांगा, तो पेटीतला फिक्कट गुलाबी खडू उचलतो. त्याचं नाव ‘स्किन कलर’! खडू बनवणाऱ्या क्रेयोला कंपनीनं अमेरिकेत ‘फ्लेश’चं ‘पीच’ १९६२ मध्येच केलं; आपल्या तोंडून ‘स्किन कलर’ काही जात नाही. भेदभावावर भाषण नको, रंग कालवायला द्या. पाच मुलांत एक ताटली: यलो ऑकर (मातकट पिवळा) दोन चमचे, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एक, पांढरा अर्धाच, कारण जास्त दिला की सगळे तोच ओततात. काळा देऊच नका, रंग मेल्यासारखा राखाडी होतो; गडद करायला निळ्याचा थेंब पुरे. कागदाच्या पट्टीवर लावून वाळू द्या (पोस्टर कलर वाळल्यावर बदलतो), मग मनगटाशी जुळवा. चेहऱ्याशी नाही, तिथं ‘तू काळा’ सुरू होतं. शेवटी बाही वर करून दंड पाहायला लावा. नागपूरच्या उन्हात एकाच हाताचे दोन रंग निघतात, त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तिथंच समजतं.

संत्राबर्फी: प्रयोग बरा आहे जी, पण इथं अंदाज आडनावावरून बांधतात. ‘आडनाव काय, राहतो कुठं?’ दलित वस्तीचा इंदोरा की उच्चभ्रू धरमपेठ, झालं! १४ ऑक्टोबर १९५६ ची धम्मदीक्षा ज्या शहरात झाली, तिथं आपण जात टाळून रंग कालवून राहिलो.

पाटीपेन्सिल: सात वर्षांच्या पोराला जात सांगायची? ज्याला ठाऊक नाही त्यालाही चिकटेल.

संत्राबर्फी: ठाऊक नाही कोणाला? शिष्यवृत्तीचे फॉर्म वाटताना प्रवर्ग मोठ्यानं वाचून मुलांना उभं केलं, की अख्ख्या वर्गाला कळतं. धडा आधी शिक्षकांना द्या. फॉर्म पालकांच्या हाती, बंद पाकिटात. झाडणं-पाणी हजेरी क्रमांकानं, फळ्यावर लिहून. स्नेहसंमेलनात राणी गोरी नि राक्षस काळा ठरतो, तिथं चिठ्ठ्या टाका.

कडक_ऊन: त्यापेक्षा अमेरिकन शिक्षिका जेन एलियट यांचा १९६८ चा प्रयोग करा ना. आयोवात तिसरीच्या मुलांचे डोळ्यांच्या रंगावरून दोन गट केले; वरचढ ठरवलेली मुलं बघता बघता दुसऱ्यांना हिणवू लागली.

संत्राबर्फी: अजिबात नको, दादा. ज्याला रोज हिणवतात त्याला पुन्हा खालच्या गटात बसवून काय शिकवणार?

पाटीपेन्सिल: इथं मी ताईंच्या बाजूनं. फळ्यावर दोन रकाने आखा: ‘दिसतं’ आणि ‘वाटतं’. पांढऱ्या कोटातल्या बाईचं चित्र दाखवा. ‘नर्स’ हे उत्तर कुठल्या रकान्यात, ते मुलांनाच ठरवू द्या. चित्रं सहा पुरेत. फक्त डब्याचं चित्र घेऊ नका, कोणाच्या डब्यात अंडं यावरच तास संपतो.